नाशकात भाड्याचं घर आणि गच्चीवरची छत्री

जळगावहून नाशकात आलो त्याला चौदा वर्षं झाली. आधी सिडको, मग सातपूर, आता पाथर्डी फाटा. अंबडला नोकरी लागली म्हणून गावाकडून टीव्हीसकट येणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच विचारतो: डिशची छत्री कुठे लावणार?

घर बघताना पाणी, पार्किंग विचारता, तसं बाल्कनीचं तोंडही बघा. आपल्याकडून डीटीएचचे उपग्रह दक्षिण आणि पूर्वेच्या मधेच सापडतात. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ तर जवळपास नेमका आग्नेयेला. बाल्कनी पश्चिमेला असेल तर गच्चीशिवाय इलाज नाही. आणि फ्लॅटची गच्ची घरमालकाच्या एकट्याची नसते, सगळ्या सोसायटीची असते. मालक "लावा हो, काय त्यात" म्हणाले तरी सेक्रेटरींना दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरा कागद कराराचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, नोंदणीची जबाबदारीही मालकाची. पण एजंटच्या तयार मसुद्यात पंखे, गीझर, ट्यूबलाइट सगळं मोजलेलं असतं, छत्रीचं नाव नसतं. एक ओळ घालायला लावा: छत्री कुठे बसेल, घर सोडताना कोण काढेल, भोकं कोण बुजवेल. एजंट तोंड वाकडं करेल, करू दे.

मी ही ओळ घातली नव्हती. सातपूरच्या घरी डिशवाल्याने गच्चीच्या स्लॅबमध्येच चार फास्टनर ठोकले. दहा मिनिटांत चित्र आलं, मी खुशीत त्याला चहा पाजला. जुलैत वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली, पोपडे निघाले. वॉटरप्रूफिंग फुटलं होतं. घर सोडताना डिपॉझिटमधून चार हजार कापले गेले आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता. तसं बघितलं तर चूक माझीच.

तेव्हापासून माझी छत्री रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात उभी आहे. डब्यात मधोमध पाइप, भोवती काँक्रीट. स्लॅबला ओरखडासुद्धा नाही. फक्त कठड्यापासून लांब ठेवा आणि डब्याला विटांचा टेकू द्या. मे महिन्यातल्या वावटळीत डबा बोटभर जरी फिरला तरी चित्र गेलंच समजा.

घर सोडताना बरेच जण सेट टॉप बॉक्स तेवढा उचलतात. म्हणून तर आपल्या गच्च्यांवर गंजक्या डिश कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवलेल्या दिसतात. डिश, पाइप, नटबोल्ट सगळं उतरवा, भोकं असतील तर बुजवून मोबाइलवर फोटो काढा, मालकांना लगेच पाठवा. वायरही वरून खालपर्यंत ओढून घ्या. माझी एक अर्धवट राहिली होती, तिच्यावर खालच्या काकू दोन वर्षं टॉवेल वाळत घालत होत्या.