व्होल्टेज आणि करंटवरून रोध आणि वॉट कसे काढायचे

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, आणि त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती. गणित एवढंच. चुका होतात त्या आकडे घेताना, म्हणून तिथूनच सुरू करू.

१. मोजमाप. व्होल्टेज मोजायचं ते त्या वस्तूच्याच दोन टोकांवर. करंटसाठी मात्र सर्किट एका जागी तोडून मीटर (व्होल्ट, अँपिअर, ओहम तिन्ही मोजणारा मल्टिमीटर) मधे घालावा लागतो. करंट मोजून झाला की लाल वायर अँपिअरच्या भोकातून काढून लगेच व्होल्टच्या भोकात घाला. मी एकदा ती तशीच विसरलो आणि बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलो. मीटरचा फ्यूज उडाला. अँपिअरच्या भोकाकडून मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे मी बॅटरी चक्क शॉर्ट केली होती. सराव बॅटरीवरच करा, घरातल्या मेन लाइनवर नको.

२. एकक. मीटर मिलिअँपिअर दाखवत असेल तर १००० ने भागा. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. हे विसरलात तर उत्तर हजारपट चुकतं.

३. हिशोब. समजा एका हीटिंग कॉइलवर १२ व्होल्ट आहेत आणि तिच्यातून १.५ अँपिअर वाहतो.

रोध = १२ ÷ १.५ = ८ ओहम
शक्ती = १२ × १.५ = १८ वॉट

पडताळा हवा असेल तर करंटचा वर्ग गुणिले रोध: २.२५ × ८, पुन्हा १८. जुळलं नाही तर कुठेतरी दशांश चिन्ह घसरलंय.

हा हिशोब डीसीचा, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा. एसीवर (घरातल्या मेन लाइनसारखा, दिशा बदलत राहणारा करंट) हीटरसारख्या वस्तूला तो चालतो, पण मोटरला नाही. तिथे गुणाकारातून वॉट नाही, व्होल्ट-अँपिअर मिळतात, म्हणजे खऱ्या वॉटपेक्षा मोठा आकडा.

४. उत्तर कुठल्या वेळचं? ओहमने आपला नियम १८२७ साली मांडला, पण तापमान कायम असेल तरच तो सरळ लागू पडतो. १२ व्होल्ट, २१ वॉटचा फिलामेंटचा बल्ब घ्या. पेटलेला असताना करंट १.७५ अँपिअर, म्हणजे रोध सुमारे ६.९ ओहम. तोच बल्ब विझवून, गार होऊ देऊन मीटरवर लावा: एक ओहमच्याही आत! मीटर बिघडलेला नसतो. बल्बमधली तार टंगस्टन धातूची असते आणि टंगस्टन तापलं की त्याचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. म्हणूनच बल्ब बहुधा बटण दाबताक्षणी उडतात, कारण गार तारेतून त्या क्षणी करंटचा लोंढा जातो.

५. एलईडीचा रेझिस्टर, म्हणजे करंट आवरायला एलईडीच्या रांगेत जोडायचा ठराविक रोधाचा भाग. नवशिक्यांची हमखास चूक इथे होते. बॅटरी ९ व्होल्टची, लाल एलईडी २ व्होल्ट घेणारा, करंट २० मिलिअँपिअर. अनेकजण ९ ला ०.०२ ने भागतात. पण रेझिस्टरच्या वाट्याला ९ येतच नाहीत, २ एलईडीने खाल्लेले असतात. उरले ७.

७ ÷ ०.०२ = ३५० ओहम

३५० चा रेझिस्टर सहसा मिळत नाही. ३३० किंवा ३९० मिळतो. मी ३९० घेतो. करंट १८ मिलिअँपिअरवर येतो, उजेडातला फरक डोळ्याला कळतही नाही. आता त्याची शक्ती: ७ × ०.०१८, म्हणजे ०.१३ वॉटच्या आत. पाव वॉटचा रेझिस्टर हे आरामात झेपवतो.