डोंगरातल्या गोल्फ कोर्सवर या चुका टाळा

खानदेशातून गोल्फ खेळायला निघालेला माणूस बहुधा नाशिक-पुण्याची वाट धरतो. धुळ्याहून नाशिक सुमारे १६० किलोमीटर आहे. पहाटे गाडीत बसून, घाट चढून आणि गाडीतून थेट पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) जाऊन ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब क्लब (गोल्फची काठी), फिरवणारे नवखे मी नेहमी पाहतो, आणि त्यांच्या पहिल्या तीन होलचे (टप्प्यांचे) काय होते तेही पाहतो. आदल्या रात्री पोहोचावे. ते जमत नसेल तर निदान अर्धा तास आधी जाऊन अंग मोकळे करावे आणि ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, थोडे पटिंग (चेंडू हलकेच खळगीकडे सोडणे) करावे.

दुसरी चूक जमिनीची आहे. तापीकाठच्या सपाट मैदानात सराव केलेल्या खेळाडूला पायाखालचा उतार जाणवतच नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे वळतो आणि पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे जातो, हे ठाऊक असूनही समोरची दरी पाहिली की सगळे सरळ झेंड्यावरच नेम धरतात. अशा जागी मी एक क्लब मोठा (चेंडू जास्त दूर नेणारा) घेतो, स्विंग आखूड ठेवतो आणि शेजारी मोकळा क्लब फिरवून तो गवताला नेमका कुठे टेकतो ते पाहिल्याशिवाय चेंडूजवळ जात नाही. ताकदीने उतारावर मात करता येते असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी सपाटीवरच आणखी वर्षभर खेळावे.

मात्र सर्वांत जास्त त्रास देणारी चूक म्हणजे प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवला तर वापरायचा राखीव, चेंडू न खेळणे. एकदा पावसाळा नुकताच संपला होता आणि रफमधले (खेळाच्या वाटेच्या कडेचे) गवत गुडघ्यापर्यंत वाढलेले होते. आमच्याबरोबर यावलकडचा एक उत्साही तरुण होता. त्याचा पहिलाच फटका उजवीकडच्या गवतात गेला. दुसरा चेंडू मारून ठेव, असे मी म्हणालो, तर तो म्हणाला, "अण्णा, मला जागा दिसली आहे, लगेच सापडेल." चेंडू सापडला नाही. २०१९ पासून शोधण्यासाठी पाच नव्हे, तीनच मिनिटे मिळतात, पण ती उलटून गेल्यावरही तो शोधत राहिला, मागचा गट टीवर खोळंबला, आणि शेवटी त्याने दगडांच्या कपारीत हात घालताच कॅडीने (क्लब वाहणाऱ्या मदतनिसाने) त्याचे मनगट धरून मागे ओढले. कॅडीने काठीने गवत बाजूला केले तेव्हा आत फुरसे वेटोळे घालून बसले होते. त्यानंतर त्या तरुणाला सगळी वाट मागे चालत जाऊन टीवरून, दंडाचा एक धरून, तिसरा फटका खेळावा लागला.

चेंडू हरवला असेल किंवा पांढऱ्या खुंट्यांपलीकडे (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला असेल अशी शंका आली, की शोधायला निघण्यापूर्वीच "प्रोव्हिजनल खेळतो" असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारावा. न सांगता मारला तर तोच खेळातला चेंडू ठरतो आणि पहिला सापडूनही उपयोग होत नाही. चेंडू लाल किंवा पिवळ्या खुंट्यांच्या आत (पाण्यासारख्या अडथळ्याच्या भागात) गेल्याची खात्री असेल, तर मात्र प्रोव्हिजनल चालत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. बंकरमधून निघताना वाळू सारखी करावी. ग्रीनवर चेंडूने पडलेला खळगा कडेकडून मध्याकडे दाबून भरावा, तळातून उचकटू नये, कारण त्याने मुळे तुटतात. भुसावळच्या उन्हात वाढलो म्हणून भर दुपारी पाण्याशिवाय खेळण्याचे धाडस करू नये. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला, की होल अर्धवट टाकून इमारतीत जावे, झाडाखाली थांबू नये.

डोंगरातल्या ग्रीनवर डोळे फसतात. मागच्या डोंगराच्या चढामुळे सपाट भाग उतरता वाटतो आणि चढता भाग सपाट. म्हणून पट मारण्यापूर्वी कॅडीदादांना विचारावे आणि त्यांनी दाखवलेल्या रेषेवरच चेंडू सोडावा.