आगीपासून सुरुवात करा : अमेरिकी नौदलाचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकी नौदलाशी आपली पहिली ओळख बहुधा ‘सातवं आरमार’ या शब्दांतून होते. डिसेंबर १९७१ मध्ये त्यातली ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात येऊन थडकली, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली असते. मग माणूस इंटरनेटवर शिरतो. कुठली विमानवाहू नौका किती टनांची, तिच्यावर विमानं किती, कुणाचं क्षेपणास्त्र लांब पल्ल्याचं, याच्या याद्या वाचतो आणि काही महिन्यांत कंटाळतो. आकडे पाठ होतात, नौदल काही कळत नाही.

मी कॅलिफोर्नियात अलमीडाच्या धक्क्याला लागलेल्या ‘यूएसएस हॉर्नेट’ या जुन्या विमानवाहू नौकेवर, म्हणजे आताच्या संग्रहालय-जहाजावर, सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक गाइड म्हणून जातो. पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. घरात कुणी कधी वर्दी घातलेली नाही. त्यामुळे हा विषय कोऱ्या पाटीवरून कसा शिकायचा एवढंच मला सांगता येईल, आणि ते असं : एकच जहाज धरा, आणि त्या जहाजावर आग लागली तर काय करायचे, इथून सुरुवात करा. लढाया, सेनापती, धोरणं सगळं आपोआप मागून येतं.

एक जहाज का, तर ते तुम्हाला कुठेही घेऊन जातं. हॉर्नेटचंच बघा. अलमीडातल्या या हॉर्नेटचा क्रमांक सीव्ही-१२ (सीव्ही ही विमानवाहू नौकांची खूण). तिच्या आधीची सीव्ही-८. त्या आधीच्या हॉर्नेटवर एप्रिल १९४२ मध्ये याच अलमीडात १६ बी-२५ बॉम्बर क्रेनने चढवले आणि १८ एप्रिलला डूलिटल या अमेरिकी वैमानिकाच्या नेतृत्वाखाली ते जपानवर बॉम्ब टाकायला गेले. ऑक्टोबर १९४२ मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या सांताक्रूझ बेटांजवळच्या लढाईत ती बुडाली. तेव्हा गोदीत ‘किअरसार्ज’ या नावाने एक नौका बांधली जात होती, तिचंच नाव बदलून हॉर्नेट ठेवलं. बुडालेल्या जहाजाचं नाव नव्याला द्यायचं, ही या नौदलाची जुनी रीत. पुढे १९६९ मध्ये याच सीव्ही-१२ ने अपोलो ११ आणि १२ च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचललं. हँगर डेकवर, म्हणजे विमानं ठेवायच्या मजल्यावर, आर्मस्ट्राँग आणि मंडळींची परतल्यानंतरची पहिली पावलं रंगवून ठेवली आहेत आणि शाळेची पोरं त्यावर पाय ठेवून फोटो काढतात. १९९३ मध्ये ही नौका भंगारात विकलीही गेली होती, लोकांनी धडपड करून वाचवली. आपली ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असतानाही वाचली नाही, याची आठवण मला इथे दर वेळी होते.

आता जहाजाच्या पोटात चला. भिंतीवर जागोजागी एक क्रमांक रंगवलेला दिसेल, समजा २-१०८-१-एल. नवखे लोक त्याकडे बघतही नाहीत. मी त्यांना तिथेच थांबवतो. पहिला आकडा मजल्याचा : हँगर डेक म्हणजे १, त्याखाली २, ३, ४, वर चढलात की ०१, ०२, ०३. दुसरा आकडा जहाजाच्या फासळीचा, नाळेकडून म्हणजे पुढच्या टोकाकडून मागे मोजलेला. तिसरा सांगतो की तुम्ही मध्यरेषेपासून किती बाजूला आहात : मध्यावर शून्य, उजवीकडे विषम आकडे, डावीकडे सम. शेवटचं अक्षर त्या जागेच्या उपयोगाचं : एल म्हणजे राहण्याची जागा, एम म्हणजे दारूगोळा, ई म्हणजे यंत्रं, एफ म्हणजे इंधन तेल. चाळीतल्या खोली नंबरासारखा हा पत्ता आहे. फरक इतकाच की तो अंधारात, धुरात, फोनवर ओरडून सांगता यावा म्हणून बनवला आहे. ‘मुदपाकखान्याच्या मागे आग लागलीय’ असं म्हणून तिथे भागत नाही. शेजारच्या खोलीचा पत्ता ‘एम’ने संपत असेल तर आग विझवणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

तसंच दरवाजांचं. प्रत्येक पोलादी दारावर एक्स, वाय किंवा झेड लिहिलेलं असतं. एक्सचं दार कायम बंद, काम झालं की लगेच लावायचं. वायचं दार समुद्रात असताना बंद. झेडचं दार लढाईची घंटा झाली की बंद. ‘कंडिशन झेब्रा’ म्हटलं की सगळी दारं लागतात आणि जहाज शेकडो वेगळ्या डब्यांत वाटलं जातं. एका डब्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तरतात. हा क्रमांक आणि ही तीन अक्षरं वाचता आली की कुठल्याही अमेरिकी युद्धनौकेच्या आत तुम्ही हरवणार नाही. नडगी मात्र सांभाळा. दारांचे उंबरठे मुद्दाम उंच ठेवलेले असतात आणि पहिल्या फेरीत ते प्रत्येकाला प्रसाद देतात.

हे डोक्यात बसलं की मग लढाया वाचा. मे १९४२, कोरल समुद्र, समोर जपानी. ‘लेक्सिंग्टन’ या अमेरिकी विमानवाहू नौकेला टॉर्पेडो आणि बॉम्ब लागले, तरी ती चालत होती, विमानं उतरवत होती. मग फुटलेल्या टाक्यांतून निघालेली पेट्रोलची वाफ आत साचली, ठिणगी पडली आणि स्फोटामागून स्फोट होत ती गेली. त्यातून धडा घेऊन ‘यॉर्कटाउन’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेवरच्या ऑस्कर मायर्स या अधिकाऱ्याने एक साधा उपाय काढला : हल्ला होण्याआधी पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करायच्या आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड भरून ठेवायचा. महिन्याभराने पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत यॉर्कटाउनवर बॉम्ब पडले, पण पेट्रोल पेटलं नाही. त्याच दिवशी, ४ जून १९४२ ला, जपानी विमानवाहू नौकांच्या बंदिस्त हँगरमध्ये इंधन भरलेली, बॉम्ब लावलेली विमानं उभी होती. त्यांतल्या ‘अकागी’ला थेट लागलेला बॉम्ब एकच, पण तेवढा पुरला. मिडवेच्या लढाईवर ढीगभर लिहिलं गेलंय आणि बहुतेकांचा भर वैमानिकांवर असतो. मला विचाराल तर नळ्यांत गॅस भरणारा तो माणूसही तितकाच मोठा आहे.

याची दुसरी बाजूही वाचायलाच हवी, नाहीतर अभ्यास म्हणजे आरती होते. २९ जुलै १९६७ ला व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेच्या डेकवर एका विमानावरचं रॉकेट चुकून सुटलं आणि समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळलं. आगीत जुने, उष्णता न सोसणारे बॉम्ब होते. दीड मिनिटाच्या आसपास पहिला फुटला आणि नळ घेऊन पुढे धावलेली प्रशिक्षित अग्निशमन तुकडी जवळपास सगळी त्यातच गेली. मग ज्यांना काही शिकवलेलं नव्हतं त्यांनी पाइप हातात घेतले. कुणी फोम मारत होतं, कुणी शेजारून पाणी मारून तोच फोम धुवून काढत होतं. १३४ माणसं गेली. डेकवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली ती दृश्यं पुढे रंगरुटांना दाखवली जाऊ लागली. शिकागोजवळच्या ग्रेट लेक्सला आता प्रत्येक भरती झालेल्या मुलाला, मग तो स्वयंपाकी होणार असो की कारकून, आग विझवायला शिकावं लागतं. शेवटी एका पूर्ण रात्रीची परीक्षा असते, तीही इमारतीच्या आत उभारलेल्या नकली विनाशिकेवर.

त्याचं फळ १४ एप्रिल १९८८ ला दिसलं. इराणच्या आखातात ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ या फ्रिगेटला, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेला, सुरुंग लागला. कणा मोडला, इंजिन रूम पाण्याने भरली, वरचा सांगाडा चिरत चालला. खलाशांनी पोलादी दोरांनी तो सांगाडा अक्षरशः बांधून ठेवला, तासन्‌तास आग आणि पाण्याशी झुंजले. जखमी झाले, पण एकही माणूस गेला नाही. या जहाजावर एक पितळी पाटी होती. याच नावाचं पहिलं जहाज २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळच्या लढाईत बुडालं होतं, त्याच्या खलाशांची नावं तिच्यावर कोरलेली. त्या रात्री धावपळ करताना पोरं जाता-येता त्या पाटीला हात लावत होती असं त्यांनीच नंतर सांगितलं. परंपरा म्हणजे काय हे मला या एका पाटीवरून जेवढं कळलं तेवढं शँपेनच्या बाटल्या फोडण्यावरून, घंटांच्या टोल्यांवरून किंवा विषुववृत्त ओलांडताना नवख्यांची जी टर उडवतात तिच्यावरून कळलं नाही. त्या सगळ्या गमती आहेत, वाचा, मजा येते. पण त्यांच्यातच रमू नका.

आणि तरीही १२ जुलै २०२० ला सॅन डिएगोच्या धक्क्यावर, लढाई नाही, शत्रू नाही, दुरुस्तीसाठी उभी असलेली ‘बॉनहॉम रिचर्ड’ ही युद्धनौका पेटली आणि चार दिवसांहून जास्त जळत राहिली. फोम सोडायचं बटण कुणी दाबलंच नव्हतं, हे चौकशीत निघालं. जहाज भंगारात गेलं. हे दोन अहवाल, रॉबर्ट्सचा आणि रिचर्डचा, शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते नव्या माणसाला याहून चांगला पहिला अभ्यासक्रम नाही.

कागदपत्रं कुठे मिळतात? घरबसल्या, आणि फुकट. वॉशिंग्टन नेव्ही यार्डमध्ये नौदलाचं इतिहास खातं आहे, त्याच्या संकेतस्थळावर जहाजवार चरित्रांचा कोशच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नुकसानीचे तांत्रिक अहवाल आकृत्यांसह सापडतात : टॉर्पेडो कुठे लागला, कुठली भिंत वाकली, पाणी कुठवर गेलं. इंजिनियर मंडळींना हे कादंबरीपेक्षा गोड लागतात. सरकारी कागद असल्याने त्यांवर सहसा हक्कबिक्कांची भानगड नसते, लेखात नकाशा वापरायचा तर बिनधास्त वापरता येतो.

गोष्टी मात्र पारखून घ्या. खलाशी रंगवून सांगण्यात पटाईत असतात. ‘जहाज सोडू नका’ हे या नौदलाचं सर्वांत लाडकं वाक्य. १ जून १८१३ ला, इंग्रजांशी चाललेल्या युद्धात, ‘चेसापीक’ या अमेरिकी जहाजाचा मरणारा कप्तान लॉरेन्स ते म्हणाला, म्हणून. ते जहाज त्याच दिवशी इंग्रजांनी पकडून नेलं, हे पुष्कळदा कुणी सांगत नाही.

मराठी वाचकाला इथे एक खास सोय आहे, ती वापरा. बोस्टनच्या धक्क्यावर ‘कॉन्स्टिट्यूशन’ उभी आहे, २१ ऑक्टोबर १७९७ ला पाण्यात उतरलेली, आजही नौदलाच्या पटावर असलेली. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिने ‘जावा’ ही इंग्रजी फ्रिगेट फोडली. ही जावा चालली होती मुंबईला. मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे तिच्यावर होते. तिथेच बांधायच्या ‘त्रिंकोमाली’ या जहाजाचे आराखडेही तिच्याबरोबरच गेले आणि दुसरी प्रत पाठवावी लागली. कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक लढाईत उडालं होतं, तर जावाचं चाक काढून तिला बसवलं आणि मग जावा जाळून टाकली. कैद्यांत एक लेफ्टनंट जनरल होते, थॉमस हिस्लॉप. अमेरिकी लेखनात त्यांना सर्रास ‘मुंबईचे नवे गव्हर्नर’ म्हटलेलं आढळतं. आपल्याकडची गव्हर्नरांची यादी काढून बघा : १८१२ पासून तिथे इव्हान नेपियन आहेत. हिस्लॉप निघाले होते मुंबईचे सरसेनापती म्हणून. अमेरिकनांनी त्यांना ‘आमच्याशी लढणार नाही’ या वचनावर सोडून दिलं, पुढे ते मद्रासचे सरसेनापती झाले, आणि २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांच्या फौजेला हरवणारे सेनापती हेच. मराठेशाहीच्या अखेरच्या पानावरचा हा माणूस पाचेक वर्षं आधी अमेरिकी जहाजावर कैदी होता! असे धागे अमेरिकी अभ्यासकाच्या हाती सहज लागत नाहीत, कारण महिदपूर त्याच्या अभ्यासक्रमात नाही.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. नोकरी म्हणून या नौदलात जायचं तर ग्रीन कार्ड असलेल्यालाही खलाशी म्हणून भरती होता येतं, पण अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं, आणि गुप्ततेची परवानगी लागणारी कामंही नागरिकत्व मिळेपर्यंत बंद. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असाल तर तो रस्ता नाही. संग्रहालय-जहाजावर गाइड व्हायला माजी सैनिक असणं गरजेचं नाही. इंग्रजी उच्चारांची लाज बाळगू नका. आमच्याकडचे माजी खलाशी आपण काही विचारलं की खूश होतात. त्यांच्याशी बोलायचं तर ‘तुम्ही किती लढाया पाहिल्या’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमची झोपायची जागा कुठे होती’ असं विचारा. माणूस तुम्हाला तिथे घेऊन जातो आणि तासभर सोडत नाही.

बोस्टनला ‘कॉन्स्टिट्यूशन’ बघायला जाणाऱ्यांनी पासपोर्ट किंवा फोटोचं ओळखपत्र बरोबर ठेवावं, तपासतात. प्रवेशाला पैसे नाहीत. बाकीची संग्रहालय-जहाजं : सॅन डिएगोला ‘मिडवे’, न्यूयॉर्कला ‘इंट्रेपिड’, न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला त्याच राज्याच्या नावाची युद्धनौका, पर्ल हार्बरला ‘मिसुरी’. आईवडील भारतातून आले असतील आणि गुडघे दुखत असतील तर त्यांना हँगर डेकवरच बसवा. खालच्या मजल्यांचे जिने शिडीसारखे उभे असतात, उतरताना तोंड जिन्याकडे ठेवावं लागतं.