फ्यूजनमध्ये फाइल अपलोडला टाकली की नुसतं गोल फिरत बसतं, मग काय काय करून बघायचं

कस्टमरची फाइल आली, फ्यूजनमध्ये अपलोडला टाकली, चहा पिऊन आलो तरी ते चक्र फिरतंय ते फिरतंयच, आणि तिकडून फोन, "साहेब कोटेशन कधी देताय". भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपात कॅड (कॉम्प्युटरवरचं डिझाइन) बघणाऱ्या कोणालाही विचारा, हे रोजचंच आहे. फ्यूजन ३६० म्हणजे आताचं ऑटोडेस्क फ्यूजन, फाइली क्लाउडवर ठेवणारं कॅड सॉफ्टवेअर (२०२४ पासून नावातलं ३६० गेलं, आपल्या तोंडातून काही जात नाही), त्याच्यावरच मुख्यतः लिहितोय, ऑनशेप हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

बहुतेक जण पहिलं काय करतात तर नेटवाल्याला शिव्या घालतात, राउटर बंद-चालू करतात आणि फाइल परत अपलोडला टाकतात. थांबा जरा. आपण ज्याला "अपलोड होत नाहीये" म्हणतो त्यात दोन वेगळी कामं असतात. एक म्हणजे फाइल तुमच्या पीसीवरून त्यांच्या सर्व्हरवर जाणं, दुसरं म्हणजे तिथे गेल्यावर ती सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर (ही दुसरी कॅड सॉफ्टवेअरं) नाहीतर स्टेपमधून (बहुतेक कॅडमध्ये चालणारा सामाईक फॉरमॅट) फ्यूजनच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट होणं. पहिलं तुमच्या नेटवर अवलंबून, दुसऱ्याचा तुमच्या नेटशी काडीचा संबंध नाही. नक्की कुठे अडकलंय हे कळल्याशिवाय जे काय कराल ते अंधारात दगड मारल्यासारखं.

पायरी १: अडकलंय कुठे ते बघा

विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जाऊन वायफाय किंवा इथरनेट निवडा, खाली सेंड आणि रिसीव्ह असे दोन आकडे दिसतात. अपलोड चालू असेल तर सेंडचा आकडा सतत वर राहतो. तो पडून अगदी किरकोळ झाला आणि फ्यूजनमध्ये मात्र चक्र फिरतंय, तर समजा फाइल पोचली आणि आता कन्व्हर्शन चालू आहे नाहीतर रांगेत आहे. फ्यूजनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळासारखं छोटं चिन्ह आहे ना, जॉब स्टेटसचं, तेही बघा, तुम्ही ऑनलाइन आहात की ऑफलाइन गेलाय तेपण तिथेच कळतं. चुकून ऑफलाइन मोड चालू राहिलाय आणि माणूस तासभर वाट बघतोय, असंही होतं.

याचा एक फायदा लगेच आहे. फाइल अजून जात असेल तर लॅपटॉप झाकू नका, स्लीपला गेला की अपलोड तुटलं. आणि कन्व्हर्शन चालू असेल तर ते सर्व्हरवर चाललंय, तुम्ही बिनधास्त लॅपटॉप मिटून घरी जा, सकाळी फाइल तयार असेल.

पायरी २: अपलोड मुळात करायलाच हवं का?

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी हीच आहे, आणि बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. डेटा पॅनलमधलं अपलोड बटण दाबलं की फाइल क्लाउडवर जाते आणि तिथे कन्व्हर्ट होते. पण फाइल मेनूत ओपन, आणि त्यात "ओपन फ्रॉम माय कॉम्प्युटर" निवडलंत तर स्टेप, आयजेस, सॅट यांसारख्या फाइली तुमच्याच मशीनवर उघडतात, रांग नाही काही नाही. तुमचा प्रोसेसर आणि रॅम वापरली जाते, मोठ्या फाइलला पंखा जोरात वाजेल थोडा वेळ, पण उघडते. नंतर सेव्ह केलं की ती फ्यूजनच्या फॉरमॅटमध्ये मागच्या मागे अपलोड होत राहते, तोपर्यंत तुमचं मोजमाप, कोटेशन, फिक्स्चर जे काय असेल ते सुरू झालेलं असतं.

सॉलिडवर्क्सची किंवा इतर कंपन्यांची मूळ फाइल असेल तर मात्र क्लाउडमधूनच जावं लागतं. म्हणून कस्टमरला सरळ सांगायचं, "सर, स्टेप पाठवा". त्याला सेव्ह अ‍ॅज करायला मिनिटभर लागतं, तुमचा अर्धा दिवस वाचतो. शिवाय त्याच्याकडे सॉलिडवर्क्सचं अगदी नवीन व्हर्जन असेल तर मूळ फाइल वाचलीच न जाण्याची शक्यता असते, स्टेपमध्ये ती भानगड नाही.

ऑनशेप वापरत असाल तर पॅरासॉलिड मागा, म्हणजे एक्स-टी फाइल. ऑनशेपचा गाभाच, म्हणजे आतलं भूमितीचं इंजिन, पॅरासॉलिडचा आहे, त्यामुळे भाषांतराचं काम जवळजवळ उरतच नाही. सॉलिडवर्क्सचा गाभाही तोच, म्हणजे तिकडून इकडे येताना पॅरासॉलिडच बरं. आणि हो, ऑनशेपच्या फुकट प्लॅनमध्ये तुमची डॉक्युमेंट्स सगळ्या जगाला दिसतात, तो प्लॅन धंद्याच्या कामासाठी नाहीच, तेव्हा कस्टमरची ड्रॉइंगं त्यात टाकू नका. तीच गोष्ट गूगलवर सापडणाऱ्या "फ्री ऑनलाइन कन्व्हर्टर"ची, एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सही केली असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

पायरी ३: नेटचाच प्रॉब्लेम असेल तर

स्पीड टेस्ट लावा आणि डाउनलोडचा आकडा सोडून द्या, अपलोडचा बघा. जाहिरातीतला १०० चा आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो, फायबर असेल तर अपलोडही तेवढंच मिळू शकतं, पण केबलवाल्याचं जुनं कनेक्शन किंवा मोबाइल हॉटस्पॉट असेल तर अपलोड पार कमी येतं. आणि तो आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये, मध्ये ८ पटीचा फरक. म्हणजे २०० एमबीची फाइल १० एमबीपीएस अपलोडवर टाकली तर १६०० भागिले १०, अगदी सगळं सुरळीत चाललं तरी १६० सेकंद, पावणेतीन मिनिटं. २ एमबीपीएस असेल तर तेच तेरा-साडेतेरा मिनिटं. आधी हा हिशोब करा, म्हणजे किती वाट बघणं बरोबर आणि कधी काहीतरी बिघडलंय ते कळेल.

मग ह्या गोष्टी करून टाका, क्रम कसाही चालेल. लॅन केबल लावा, वायफायच वापरायचं असेल आणि राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडा. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, फोटोंचा बॅकअप हे सगळं थोडा वेळ पॉज करा, ते गुपचूप तुमचं अपलोड खात असतात, आणि कारखान्यात सीसीटीव्ही क्लाउडवर रेकॉर्ड होत असेल तर तोही त्याच लाइनवर आहे. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. ऑफिसच्या फायरवॉलने ऑटोडेस्कचे पत्ते अडवले असतील तर आयटीवाल्याला सांगून ते मोकळे करून घ्यावे लागतील, ते आपल्या हातात नाही.

वनड्राइव्हवरून आठवलं. तुमचं डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल आणि फाइलशेजारी ढगाचं चिन्ह दिसत असेल, तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच आहे. फ्यूजनला द्यायला ती आधी खाली उतरणार आणि मग परत वर चढणार. राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा, नाहीतर सरळ सी किंवा डी ड्राइव्हवर एक साधं फोल्डर करा, त्यात कॉपी करा आणि तिथूनच उघडा. पेनड्राइव्हवरून, नेटवर्कच्या शेअरमधून, झिप न सोडता आतून ओढून असले प्रकार नकोत. फाइलचं नावही छोटं आणि साधं ठेवा, "फायनल रिव्हाइज्ड नवीन # (३) लेटेस्ट" असली नावं कधी कुठे अडतील सांगता येत नाही.

पायरी ४: फाइल उघडून तिच्या पोटात बघा

नेट चांगलं, सर्व्हरही चालू, तरी कन्व्हर्शन तासन् तास? मग फाइलकडे बघा. स्टेप फाइल ही साधी टेक्स्ट फाइल असते हे खूप जणांना ठाऊक नसतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, साधं नोटपॅड मोठ्या फाइलला गुदमरतं. पहिल्या ओळीत आयएसओ-१०३०३-२१ असं असतं, तो स्टेपचा स्टँडर्ड नंबर, त्याच्याखाली कुठल्या सॉफ्टवेअरमधून आणि कधी काढली ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. आता एकदम तळाला जा. शेवटच्या ओळीत एंड-आयएसओ-१०३०३-२१ असायलाच पाहिजे. नसेल, अर्ध्या वाक्यात फाइल संपली असेल, तर ती डाउनलोड होताना किंवा पाठवताना तुटली आहे, कितीही वेळा अपलोड करा काही होणार नाही, परत मागवा.

तळाशीच अजून एक गंमत. प्रत्येक ओळ हॅश आणि नंबरने सुरू होते, शेवटच्या ओळींचे नंबर बघा. काही हजारांत असतील तर पार्ट साधा आहे, दहा-पंधरा लाखांत असतील तर आत प्रचंड भूमिती भरलेली आहे. अगदी काटेकोर मोजणी नाही ही, पण अंदाज बरोबर येतो. आणि हे एमबीपेक्षा जास्त खरं सांगतं, कारण कन्व्हर्शनला वेळ लागतो तो पृष्ठभागांच्या संख्येने आणि गुंतागुंतीने.

समजा पंपाची असेंब्ली आली, तुम्हाला फक्त त्याची बेस फ्रेम बनवायचीय. आत बघाल तर चाळीस बोल्ट, प्रत्येकावर खरेखुरे आटे मॉडेल केलेले, बेअरिंगमधला एकेक बॉल, सीलमधली स्प्रिंग, हँडलवर नर्लिंग, नेमप्लेटवर उठावाची अक्षरं. आटे आणि स्प्रिंग म्हणजे पिळाचे पृष्ठभाग, ते सगळ्यात जड, आणि तुमच्या फ्रेमला लागतात फक्त चार पायाची भोकं आणि बाहेरचा आकार. अशा वेळी कस्टमरच्या डिझायनरशी बोला, लाजू नका, त्याला सांगा की सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली सेव्ह अ‍ॅज पार्ट करताना फक्त बाहेरचे पार्ट ठेवायचा पर्याय आहे तो निवड, आणि आट्यांचे फीचर सप्रेस करून मग स्टेप काढ. इन्व्हेंटरवाला असेल तर त्याच्याकडे याच कामाचं श्रिंकरॅप असतं. यात त्याचाही फायदा आहे, त्याच्या आतल्या डिझाइनची गोपनीयता राहते, हे सांगितलंत की तो पटकन तयार होतो.

मेश फाइलचं वेगळंच. एसटीएल म्हणजे नुसते त्रिकोण, बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे १० एमबीच्या फाइलमध्ये साधारण २ लाख त्रिकोण. ती अपलोड करत बसू नका, इन्सर्ट मेशने थेट आणा. पण तिचं सॉलिड करायला गेलात तर फ्यूजन दहा हजार त्रिकोणांच्या आसपासच कुरकुर करायला लागतं, आधी रिड्यूसने त्रिकोण कमी करा. थ्रीडी प्रिंटच करायचं असेल तर सॉलिड करायची गरजच नाही. मूळ सॉलिड फाइल मिळत असेल तर तीच मागा.

पायरी ५: सगळं ठीक आहे तरी अडलंय

आधी हेल्थ डॉट ऑटोडेस्क डॉट कॉम उघडा, तिथे त्यांच्या सेवा चालू आहेत की बंद ते कळतं. तिकडेच गडबड असेल तर तुम्ही इथे काही करून उपयोग नाही. आणि तीच फाइल परत परत अपलोडला टाकायची नाही, हे आपल्या लोकांचं आवडतं काम आहे, एक अडकली की दुसरी टाक, तिसरी टाक. प्रत्येक वेळी नवीन जॉब तयार होतो, पुढचं काही हलत नाही, आणि शेवटी सगळं झालं की एकाच नावाच्या चार फाइली पॅनलमध्ये. पहिला जॉब फेल झाल्याचं दिसलं तरच पुन्हा टाका.

तरीही जमलं नाही तर हेल्प मेनूत सपोर्ट अँड डायग्नोस्टिक्समध्ये क्लिअर युजर कॅशे डेटा आहे (कॅशे म्हणजे फ्यूजनने तुमच्या पीसीवर तात्पुरता ठेवलेला डेटा). हे करायच्या आधी तुमची उघडी डिझाइनं सेव्ह होऊन खरंच वर पोचली आहेत ना ते जॉब स्टेटसमध्ये बघा, कारण न पोचलेलं काम कॅशेमध्येच असतं आणि कॅशेबरोबर तेही जाईल. शंका असेल तर आधी फाइल एक्सपोर्ट करून एफ-थ्री-डी (फ्यूजनची स्वतःची फाइल) आपल्या डिस्कवर ठेवा, मगच हात लावा.

असेंब्ली सुट्या पार्टांच्या फाइलींसकट आली असेल तर एकेक पार्ट टाकत बसू नका, मुख्य असेंब्ली आणि तिचे सगळे पार्ट एकत्र निवडून टाका, नाहीतर लिंक तुटून रिकामी असेंब्ली उघडेल. सॉलिडवर्क्सवाल्याकडून पॅक अँड गो (असेंब्लीच्या सगळ्या फाइली एकत्र बांधणं) करून घ्या म्हणजे काही राहत नाही.

आणि अगदीच घाई असेल, कस्टमर डोक्यावर बसलाय आणि फक्त मापं बघून भाव सांगायचाय, तर फ्रीकॅड नावाचं सॉफ्टवेअर टाकून ठेवा पीसीवर. फुकट आहे, नेट लागत नाही, स्टेप सरळ उघडतं. दिसायला फ्यूजनएवढं देखणं नाही आणि सॉलिडवर्क्सची मूळ फाइल ते वाचत नाही, पण भोकाचा व्यास आणि प्लेटची जाडी मोजायला पुरतं. फ्यूजनचं काय व्हायचं ते मागे होत राहू दे.