पोतदार म्हणजे नेमके कोण? वडोदऱ्यात राहून आपल्या आडनावाचा माग कसा काढावा

दांडिया बाजारातल्या मावशीच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तिच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला बोटभर लांबीचा काळा, गुळगुळीत दगड सापडला. तिरका धरला की त्यावर सोन्याच्या दोन बारीक रेघा अजून चमकतात. हा कसोटीचा दगड, सोनार सोनं घासून पारखतात तो. माझं आजोळ पोतदारांचं, त्यामुळे "पोतदार म्हणजे सोनार" असं मी त्या दिवशी मनाशी पक्कं करून टाकलं. पुढे एका लग्नात भेटलेल्या दुसऱ्या पोतदार आजींना उत्साहाने म्हटलंही, "आपण एकाच भाऊकीतले." त्यांचं गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं, घराणं देशस्थ ब्राह्मणांचं. आजी समजूतदार, म्हणून निभावलं. पण मला जी चूक कळायला काही वर्षं लागली, ती तुमची होऊ नये म्हणून हा सगळा क्रम लिहिते आहे. उदाहरण पोतदारांचं असलं, तरी हीच रीत चिटणीस, जामदार, मुजुमदार कुणालाही चालेल.

पहिली पायरी: शब्द सोडवा

आडनावाचा शेवट आधी पाहा. '-दार' म्हणजे बाळगणारा, सांभाळणारा. '-नीस' हा मूळचा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. पूर्वजाच्या कमरेला किल्ल्या होत्या की कानावर बोरू, एवढं इथेच कळतं. '-कर' असेल तर तो गावाचा पत्ता, धंद्याचा नव्हे. वडोदऱ्यात तांबेकरांचा वाडा सगळ्यांना माहीत आहे. ते घराणं दिवाणगिरीपर्यंत चढलं, तरी आडनाव गावाचंच राहिलं.

पोतदार हा शब्द फारसी 'फोतादार'वरून आला. फोता म्हणजे पैशाची पिशवी, आणि त्यावरून सरकारी सारा म्हणजे महसूल, आणि खजिना. सोळाव्या शतकात शेरशहाच्या राज्यात परगण्याचा खजिना सांभाळणाऱ्याला हेच नाव होतं. मराठीत 'फ'चा 'प' झाला. पेशवाईच्या हिशेबांत 'पोते' म्हणजे सरकारी तिजोरी, आणि त्या पोत्याचे हिशेब लिहिणारा तो पोतनीस.

आता मोल्सवर्थचा कोश उघडा. पहिली आवृत्ती 1831ची, दुसरी 1857ची, आणि आता तो फोनवरही चाळता येतो. तिथे पोतदाराचे दोन अर्थ दिले आहेत: खजिन्यात भरल्या जाणाऱ्या नाण्यांची पारख करणारा सरकारी अधिकारी, आणि गावचा सोनार. माझ्या चुकीचं मूळ या दोन अर्थांत होतं. एक पोतदार कचेरीत बसणारा, दुसरा गावात भट्टीशी बसणारा. दोघांचंही काम नाणं पारखण्याचं, म्हणून नाव एक. जात, गोत्र, गाव मात्र आपापलं.

दुसरी पायरी: काम समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि मग आडनाव म्हणजे नुसता शिक्का उरतो. पोतदाराची गरज का पडायची? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रुपया एक नव्हता. दख्खनेत चांदवडी, अंकुशी असे रुपये चालत. वडोदऱ्याच्या टांकसाळीतून गायकवाडांचा बाबाशाही निघे. प्रत्येकाची चांदी वेगळी, त्यातही कुणी कडा घासलेला, कुणी वापरून झिजलेला. साऱ्याचे पैसे आले की एकेक नाणं दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा, वजन पाहायचं, शंका आली तर छेद देऊन आतली चांदी बघायची. कमी पडेल तेवढी किंमत कापायची, तिला बट्टा म्हणायचे. नावाला बट्टा लागतो तो ह्याच बट्ट्याचा, आणि खणखणीत नाणं म्हणतो तेही या दगडावरच्या आवाजावरूनच.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1900च्या आसपास, बाबाशाही चलनातून गेला आणि ब्रिटिश रुपया आला. सगळी नाणी एकसारखी झाल्यावर पारखायला उरलं काय? काम संपलं, नाव राहिलं.

तिसरी पायरी: शेजारची आडनावं मांडा

वडोदऱ्यात राहण्याचा खरा फायदा इथे आहे. रावपुऱ्यातून मांडवीकडे चालत जाताना दुकानांच्या पाट्या वाचा. पारेख, श्रॉफ, नाणावटी ही गुजराती आडनावं आणि पारखी, सराफ, पोतदार ही मराठी, सगळी नाण्याच्या त्याच धंद्यातून आलेली. पारेख आणि पारखी दोन्ही संस्कृत 'परीक्षक'पर्यंत जातात. सराफ आणि श्रॉफ एकाच अरबी शब्दाची रूपं आहेत. तिकडे राजस्थान-बंगालात पोतदाराचा पोद्दार झाला, काश्मीरमध्ये फोतेदार. शब्दाची नाळ एक आहे, रक्ताची नाही. हे वहीत ठळक लिहून ठेवा.

वडोदऱ्यापुरती आणखी एक सावधगिरी. इथे संस्थानच्या वसुलाचा पैसा मोठ्या सावकारी पेढ्यांच्या हातून फिरत असे. हरिभक्तींची पेढी त्यात नावाजलेली. या कामाला पोतेदारी म्हणत. तेव्हा जुन्या कागदात 'पोतदार' किंवा 'पोतेदार' दिसलं म्हणजे आपला पूर्वज सापडला असं नाही. तो एखादा गुजराती सावकारही असू शकतो. शब्दाआधी कुणाचं नाव आहे आणि बापाचं नाव काय दिलंय, ते बघूनच पुढे जा.

चौथी पायरी: घरातल्या मोठ्या बाईला विचारा

पुरुषांना बहुतेक वेळा गोत्रापलीकडे काही सांगता येत नाही. विचारायचं ते कुलधर्म चालवणाऱ्या बाईला. लग्नानंतर गोंधळ कुठल्या देवीचा? नवरात्रात माळ की नुसता अखंड दिवा? कुलदैवताला जाताना गाडीतून कुठे उतरायचात? या शेवटच्या प्रश्नावर मावशीने मूळ गाव सांगितलं, जे तिच्या भावांना वर्षानुवर्षं आठवत नव्हतं. शिवाय वडोदऱ्यात पहिला माणूस कोण आला, आणि कुणाच्या आश्रयाने, हेही विचारा. उत्तर आलं की तारीख घालून तिच्याच शब्दांत लिहा.

पाचवी पायरी: कागद

घरचा कागद मोडीत असेल तर घाबरू नका, पण चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उन्हात नव्हे, खिडकीपाशी सावलीत फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला फोटोच दाखवा. तारखेत 'छ' दिसला तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तिथी. 'सु॥' असेल तर शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन मिळतो. शकात 78 किंवा 79 मिळवायचे.

आमच्या पेटीतल्या एका लांबट कागदावर रुपयांच्या जातींपुढे बट्ट्याचे आकडे होते आणि खाली पणजोबांच्या वडिलांचं नाव, पुढे 'पोतदार'. दुसऱ्या कागदात तोच माणूस, तेच बापाचं नाव, पण पुढे गावावरून पडलेलं '-कर'. आधी मी हा कागद बाजूला ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून. जुन्या काळी आडनाव आजच्यासारखं घट्ट नव्हतं. हुद्दा ज्या भावाकडे गेला त्याची पोरं पोतदार, बाकीच्यांची '-कर', असंही झालं. आपलीच भाऊकी दुसऱ्या आडनावाखाली असू शकते.

आडनावं घट्ट केली ती शाळा, कोर्ट आणि सरकारी नोंदींनी. बडोदे संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1893मध्ये अमरेली भागात प्रयोगादाखल सुरू झालं आणि 1906मध्ये राज्यभर लागू झालं. म्हणून जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर मिळालं तर सोनं समजा: मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव, सगळं एका ओळीत. संस्थानच्या दफ्तरात जायचं असेल तर आडनाव सांगून कागद मागू नका, तसं काही निघत नाही. खातं आणि सालं ठरवून अर्ज करा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांची नावं पिढ्यांनुसार असतात. तिथे मात्र मूळ गाव सांगितल्याशिवाय पान उघडत नाही. चौथी पायरी आधी ठेवली ती याचसाठी.

सहावी पायरी: किती घरं आहेत ते मोजा

मतदारयादी इंटरनेटवर मिळते, वडोदऱ्याची गुजरातीत असते. माणसं नाही, घरं मोजा, नाहीतर मोठ्या कुटुंबाने आकडा फुगतो. पोद्दार वेगळे ठेवा. प्रत्येक घराला फोन करून गोत्र आणि मूळ गाव विचारल्यावरच गट पाडा. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात हे आडनाव खूप आढळतं, तेव्हा तिकडचा आकडा इकडच्याशी मिसळू नका. इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार (1890–1979) आपलेच, असं पुष्कळ पोतदार अभिमानाने सांगतात. अभिमान जरूर असावा, पण वंशावळीत नाव घालायचं ते कागद मिळाल्यावरच.

मावशीचा दगड आता माझ्याकडे आहे. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही आडनावं लिहिली आहेत, पोतदार आणि ते '-कर'. पोतदारांची घरं मोजून झाली. आता दिवाळीनंतर '-कर' लावणाऱ्यांच्या गावी जाऊन गोंधळ कुठल्या देवीचा घालता, ते विचारायचं आहे.