मित्राचं एचिंग करताय? या चुका टाळा

एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर सुईने रेघा काढायच्या, ॲसिडने त्या खोल करायच्या आणि शाई भरून कागदावर छापायच्या. त्यासाठी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर एका चित्रकार मित्राला दोन संध्याकाळी समोर बसवलं. गडी डावखुरा. पहिलं प्रूफ (चाचणीचा छाप) ओढलं, तर ब्रश उजव्या हातात आणि भांग भलत्याच बाजूला! त्याची आई बघून म्हणाली, "अरे, हा आमचा वाटत नाही. ह्याचा कोणी भाऊ का?"

प्लेटवरचं कागदावर उलटं येतं हे कोणाला ठाऊक नसतं? पण तोवर मी स्वतःचेच चेहरे काढत होतो. आरशातला चेहरा आधीच उलटा, छापताना पुन्हा उलटा होतो, म्हणजे आपोआप सरळ. त्याच सवयीने मित्र काढला आणि फसलो. आता समोर बघून ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढतो, तो कागद पालथा घालून ग्राउंड (ॲसिड अडवणारा थर) लावलेल्या प्लेटसकट प्रेसमधून फिरवतो. रेघा चकाकत उमटतात, त्यांवरून सुई चालवायची. मध्येच आरशात बघितलं की नाक सरळ आहे का तेही कळतं.

दुसरी चूक बडोद्याच्या मे महिन्याची. जस्ताच्या पत्र्याला मी 1 भाग नायट्रिक, 8 भाग पाणी घेतो (ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही). प्लेट बुडवून ठेवायचा हिवाळ्यात जमलेला वेळ उन्हाळ्यात धरलात तर ॲसिड भराभर खातं आणि डोळ्याखालची नाजूक रेघ गटारासारखी रुंद होते. पत्र्याच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या. बुडबुडे पिसाने हलवत राहा. डोळ्यांपुरतं झालं की तिथे लाखेचं व्हार्निश लावून झाका, मग बाकीची प्लेट पुन्हा बुडवा. आणि खिडकी उघडी हवी.

कागद नीट ओला नसेल तर शाई उचलत नाही. पत्र्याच्या कडा कानस मारून उतरत्या करा, नाहीतर प्रेसच्या रोलरखालची ब्लँकेट (लोकरी कापड) कापली जाते.

चित्रकार काढायचा म्हणून मागे ईझल, ट्यूबा, कॅनव्हास सगळं कोंबू नका, माझ्याकडूनही झालंय. फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकने 1630 च्या दशकात सोबतच्या चित्रकारांची एचिंग्ज केली. त्याने स्वतःचा चेहरा काढला त्या प्लेटच्या पहिल्या अवस्थेत (पुढचं काम होण्याआधीच्या छापात) डोकं तेवढं पुरं आहे, खाली चार रेघा, बाकी कोरा कागद. तरी माणूस समोर उभा राहतो.

माझं ते फसलेलं प्रूफ मित्राने मागून नेलं. म्हणाला, "दाढी करताना मी रोज असाच तर दिसतो!"