मुंबईत दिवसभर नाश्ता: कधी, कुठे आणि काय मागवायचं

नाश्ता सकाळीच करायचा असतो हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात कधी नाइट शिफ्ट केली नसणार. दुपारी दोनला झोपून उठलेला माणूस, कोर्टातून चारला सुटलेला, गावाहून आलेली गाडी तीन तास लेट झालेला, या सगळ्यांना भात नको असतो, काहीतरी गरम, तव्यावरचं आणि सोबत चहा एवढंच हवं असतं. हल्ली बांद्र्याकडच्या कॅफेंमधे 'ऑल डे ब्रेकफास्ट' अशी पाटी दिसते आणि बिल बघून भूक मरते, पण हा प्रकार मुंबईला नवीन अजिबात नाही, गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या तेव्हापासून इराणी हॉटेलात दिवसभर अंडं-पाव आणि चहा मिळतोय.

एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरून सुचेल. नाश्त्याचे पदार्थ दोन जातीचे. एक, ऑर्डर दिल्यावर बनणारे: डोसा, उत्तप्पा, ऑम्लेट, थालीपीठ. दुसरे, पातेलंभर करून ठेवलेले: पोहे, उपमा, शिरा, मिसळीची उसळ, सांबार. पहिल्या जातीचं दिवसभर कधीही खा. दुसऱ्या जातीचं खायचं तर ते कधी बनलं हे माहीत पाहिजे.

आधी घड्याळ बघा

सकाळी सात ते अकरा काहीही मागवा, चुकणार नाही. बारा ते तीन हा राइस प्लेटचा टाइम, त्यात बऱ्याच उडप्यांकडे अर्धी टेबलं जेवणवाल्यांना असतात, डोशाला वेळ लागतो आणि काही ठिकाणी तर वेटर सरळ सांगतो की आता डोसा नाही, चारनंतर. एवढ्या वेळात नाश्ताच पाहिजे असेल तर इराणी गाठा, तिथे राइस प्लेटची भानगड नसते. साडेतीन-चारला उडप्याकडे दुसरा घाणा निघतो, वडे परत तळतात, चटणी नवीन वाटतात, ऑफिसं सुटायच्या आधीची ही तयारी असते आणि माझ्या मते दिवसभरातली सगळ्यात चांगली वेळ हीच, गर्दी नाही आणि माल ताजा. पोहे मात्र दुपारी कुठेच मागवू नका. परत गरम केलेले पोहे म्हणजे शिक्षा आहे.

मग एरिया ठरवा

माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत जाण्यासारखं रामाश्रय, १९३९ पासूनचं, पहाटे पाचला उघडतं. आजचं काय ते फळ्यावर लिहिलेलं असतं, मेनूकार्ड शोधत बसू नका, फळा वाचा. उपमा आणि पायनॅपल शिरा यासाठी लोक लांबून येतात. तिथून किंग्ज सर्कलला गेलात तर कॅफे मद्रास, १९४० चं, नाचणीचा डोसा आणि रसम वडा घ्या, पण सोमवारी बंद असतं आणि रोज दुपारी मधे काही तास शटर खाली असतं, त्यामुळे 'दिवसभर' या हिशोबात ते अर्धंच बसतं. रविवारी सकाळी तिथे नाव लिहून फुटपाथवर उभं राहायची तयारी ठेवा, नाहीतर सरळ दुसरीकडे वळा, माटुंग्यात उडप्यांना तोटा नाही. आणखी एक, स्टेशनसमोरचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग खूप नावाजलेलं आहे, १९४२ चं, पण ते जेवणाचं ठिकाण, केळीच्या पानावर भात-सांबार, नाश्त्याच्या आशेने जिना चढू नका.

अंडी हवी असतील तर धोबी तलाव. मेट्रो सिनेमासमोर जेर महाल बिल्डिंगमधे कयानी हे इराणी हॉटेल आहे, १९०४ पासून, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, खिमा पाव, अकुरी, आणि निघताना मावा केक. तिथून मरीन लाइन्सच्या बाजूला थोडं चाललं की ससानियन, १९१३ चं, कयानीत जागा नसेल तर इकडे या. फोर्टात असाल तर कॅफे मिलिटरी आहे, १९३३ चा, तिथला खिमा खाऊन मग ऑफिसला परत जाणं जरा जडच जातं.

मराठी पदार्थ म्हणजे दादर-गिरगाव. दादरला शिवसेना भवनासमोर आस्वाद, १९८६ चं, २०१५ साली त्यांच्या मिसळीला लंडनमधे बेस्ट व्हेज डिशचा पुरस्कार मिळाला तेव्हापासून गर्दी जी वाढली ती वाढलीच. मिसळ चांगलीच आहे, पण दुपारी मी तिथे थालीपीठ सांगेन, कारण तेच, ते आपल्यासाठी तेव्हा थापलं जातं. दादरच्याच प्रकाशमधे साबुदाणा वडा आणि पियुष, वडा गरम तळून येतो त्यामुळे वेळेची काळजी नाही. गिरगावात विनय हेल्थ होमची मिसळ. मिसळीचं एक बरं असतं, उसळ मुरली की चढत जाते, त्यामुळे करून ठेवलेल्यातली असूनही ती दुपारी चालते, फक्त रस्सा उकळता पाहिजे आणि फरसाण वरून ताजं पडलं पाहिजे, आधीच मिसळून ठेवलेली वाटी आली तर परत पाठवा.

अंडं मागवताना नीट सांगा

नुसतं 'ऑम्लेट' म्हटलंत तर कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं मसाला ऑम्लेट येतं. दोन अंड्यांचं हवं तर डबल म्हणा. हाफ फ्राय म्हणजे एकाच बाजूने, वरचा बलक पातळ, तो पावाने फोडून खायचा. उलटवून हवं असेल तर तसं स्पष्ट सांगा. अकुरी ही पारशी पद्धतीची भुर्जी, ती ओलसर असते, कच्ची आहे म्हणून तक्रार करू नका आणि सुकी पाहिजे तर सरळ भुर्जी मागवा. घोटाळा म्हणजे अंडं आणि ग्रेव्ही एकत्र ठेचलेलं, ते एकदा खिमा घालून खा.

पाव कोणता ते पण सांगा. बन गोड आणि मऊ, ब्रून म्हणजे कडक साल असलेला, हाफ फ्रायबरोबर ब्रूनच, बन भिजून लगदा होतो. ब्रून जुन्या बेकऱ्यांमधे लाकडाच्या भट्टीत भाजतात, आणि २०२५ च्या सुरुवातीला हायकोर्टाने शहरातल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅस नाहीतर विजेवर जायला सांगितलंय, हवेसाठी ते बरोबरच आहे, पण जुने गिऱ्हाईक पाव मोडताना आता दोनदा आवाज ऐकतात एवढं खरं.

नवीन ठिकाणी पारख कशी करायची

ही नावं पाठ करायची गरज नाही, कुठल्याही नाक्यावर पारख करता येते. बसल्या बसल्या एक मेदूवडा मागवा, सांबारात बुडवून नको, वेगळा. परत तळलेला वडा लगेच कळतो, रंग गडद, साल चामट आणि मोडला की तेल बोटाला लागतं पण आत कोमटच. असा आला तर चहा पिऊन उठा. वडा बरा निघाला तर चटणी चाखा. नारळाची चटणी दुपारी सगळ्यात आधी दगा देते, जरा आंबूस लागली तर नवीन आणा म्हणून सांगा, चांगल्या ठिकाणी वेटर काही न बोलता बदलून देतो. सांबार वरून पाणी आणि खाली डाळ असं फुटलेलं असेल तर सकाळचं आहे. बाहेरून दिसत असेल तर तवा बघा, डोसेवाला पाणी शिंपडून झाडूने पुसतोय आणि वाफ उठतेय म्हणजे तवा चालू आहे, चारला तवा थंड दिसला तर तुमचा डोसा पांढराच येणार.

बसणं आणि पैसे

एकटे असाल तर वेटर शेअरिंगला बसवतो, समोर अनोळखी माणूस असतो, त्यात वावगं काही नाही, त्याच्या ताटाकडे बघून काय मागवायचं ते पण ठरवता येतं. मोठा ग्रुप घेऊन जुन्या इराण्याकडे जाऊ नका, टेबलं छोटी असतात आणि गल्ल्यावरचे शेठ तासभर बसलेल्या लोकांकडे ज्या नजरेने बघतात ती सहन होत नाही. बिल बहुतेक ठिकाणी गल्ल्यावर द्यायचं, खिशात दोनशे-तीनशेची रोकड ठेवा. घरच्यांसाठी पार्सल न्यायचं तर इडली, शिरा, मावा केक, ब्रून चालतील. डोसा आणि साबुदाणा वडा डब्यात घालून लोकलने नेऊ नका, दोन्ही वाफेने मऊ पडतात.